सहा अटी आणि एक ऐच्छिक ओळ
धार-देवासच्या जमिनीवरून आवास योजनेचे भाष्य

25 जून 2015 रोजी पंतप्रधान आवास योजना (शहरी) सुरू झाली. वर्तमानपत्रांनी ठळक छापला तो अनुदानाचा आकडा आणि 2022 पर्यंत सर्वांना घर देण्याचा वायदा. योजनेच्या मार्गदर्शिकेत राज्यांसाठी सहा बंधनकारक अटीही होत्या, त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. केंद्राचा पैसा हवा असेल तर जमीन, नियोजन, बांधकाम परवानगी आणि घरभाडे यांविषयीचे आपले कायदे या अटींप्रमाणे बदलू, असे राज्यांकडून करारात लिहून घ्यायचे होते. अनुदान येते आणि संपते. बदललेला कायदा मागे राहतो. म्हणून योजनेचा टिकाऊ भाग याच सहा ओळी आहेत असे धरून त्यांचे एकेक करून भाष्य करत आहे.

भाष्यासाठी भूमी निवडली आहे ती माळव्यातल्या धार आणि देवासची. मराठी वाचकाला ही गावे पवारांच्या संस्थानांमुळे ठाऊक असतात. देवासची थोरली आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन दरबार, हा इतिहासही अनेकांनी वाचलेला असतो. इथे कारण वेगळे आहे. इंदूरच्या दोन अंगांना असलेले हे दोन जिल्हे एकाच राज्याच्या, एकाच जमीन महसूल संहितेखाली येतात, पण त्यांच्या जमिनीची जात निराळी आहे. 2011च्या जनगणनेत देवास शहराची लोकसंख्या 2,89,550 होती. तिथे महानगरपालिका आहे, विकास प्राधिकरण आहे, किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आणि नोटा छापणारा सरकारी छापखाना आहे. धार शहर 93,917 लोकांचे, आणि त्याच जिल्ह्यातले पीथमपूर 1,26,200 लोकांचे, म्हणजे कारखान्यांचे गाव जिल्ह्याच्या गावापेक्षा मोठे. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. 2003च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धार, सरदारपूर, कुक्षी, धरमपुरी, गंधवानी आणि मनावर हे तालुके पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात मोडतात; बदनावर त्याबाहेर आहे, देवासही बाहेर आहे. तोच मसुदा या दोन जमिनींवर टेकवला की त्यात काय आहे आणि काय नाही ते लवकर कळते.

प्रत्येक अटीचा आशय आधी माझ्या शब्दांत दिला आहे, त्याखाली भाष्य. कसोटीला एकच कुटुंब धरले आहे: वस्तीत 15 बाय 30 फुटांची जागा, त्यावर मातीच्या भिंती आणि पत्रे. ही ओळ त्या दारापर्यंत पोचते का, एवढेच प्रत्येक वेळी विचारायचे.

पहिली अट

*आशय: शहराच्या विकास आराखड्यात जी जमीन निवासी म्हणून दाखवली आहे, तिच्यासाठी बिगरशेतीची वेगळी परवानगी मागू नये.*

महाराष्ट्रात ज्याला एन.ए. म्हणतात, त्याला माळव्यात सगळे डायव्हर्शन म्हणतात. आराखड्याने एकदा जमीन निवासी ठरवली की महसूल खात्याने तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ नाही, हे तर्काला धरून आहे. मध्य प्रदेशाने ही अट पाळली, आणि चांगली पाळली. 1959च्या भू-राजस्व संहितेतले डायव्हर्शनच्या परवानगीचे कलम 172 हे 2018च्या दुरुस्तीने वगळले गेले. आता भूमिस्वामी स्वतःच कलम 59 खाली प्रीमियम आणि नवा आकार यांचा हिशेब करतो, पैसे भरतो आणि उपविभागीय अधिकाऱ्याला कळवतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हा अनुभव निदान या एका कामापुरता कमी झाला. महाराष्ट्रानेही 2014 आणि 2017 मध्ये आपल्या संहितेत 42-अ पासून 42-ड पर्यंतची कलमे घालून याच दिशेने पावले टाकली.

पण ही सवलत भूमिस्वामीला आहे, म्हणजे ज्याचे नाव खसऱ्यावर, जमिनीच्या सरकारी नोंदीत, आहे त्याला. आपले कुटुंब तिथे नसते. इंदूर, देवास, धार या पट्ट्यात शेत विकत घेऊन त्याचे तुकडे पाडणारा कॉलोनाइजर अनेकदा डायव्हर्शन न करताच भूखंड विकतो. व्यवहार डायरीवर होतो: एका छोट्या वहीत हप्त्यांच्या नोंदी आणि सह्या. पुढे कधी नोटरी, कधी शेताच्या अविभक्त हिश्श्याची रजिस्ट्री. पैसे फिटतात, घर उभे राहते, पण खसऱ्यावर शेत शेतच राहते. अशा वसाहती नियमित करण्याची तरतूद 1998च्या कॉलोनाइजर नियमांच्या 15-अ मध्ये होती. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने ती रद्द केली. 2021 मध्ये सरकारने पालिकांच्या मूळ कायद्यांतच दुरुस्ती करून हा मार्ग पुन्हा उघडला, तेव्हा 31 डिसेंबर 2016 पर्यंतच्या वसाहती धरल्या होत्या. मे 2023 मध्ये ही तारीख 31 डिसेंबर 2022 पर्यंत आणण्याची घोषणा झाली. एकीकडे नियमाने चालणाऱ्याची परवानगी सोपी झाली आणि दुसरीकडे नियम मोडून झालेले काम ठरावीक काळाने माफ होत राहिले. या दोन्हींचा फायदा जमीन विकणाऱ्याला आधी मिळतो. घेणारा मात्र पुढच्या तारखेची वाट पाहतो.

धारमध्ये याला आणखी एक पदर आहे. संहितेचे कलम 165(6) सांगते की अधिसूचित आदिवासी भागात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. इतर ठिकाणी त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. डायव्हर्शन सोपे झाले म्हणून हे कलम सैल होत नाही, आणि होऊ नयेच. त्यानेच भिल्ल आणि भिलाला कुटुंबांच्या जमिनी वाचवल्या आहेत. मात्र याचा अर्थ असा की दिल्लीत लिहिलेली पहिली अट धारच्या शहराकाठच्या जमिनीचा खरा प्रश्न ओळखतच नाही. तिथे अडचण शेतीच्या बिगरशेतीची कमी आणि जमीन कुणाच्या नावावर राहील याची जास्त आहे. त्याबद्दल अटीत अवाक्षर नाही.

दुसरी अट

*आशय: शहरांचे विकास आराखडे तयार करावेत किंवा दुरुस्त करावेत, आणि त्यांत परवडणाऱ्या घरांसाठी जमीन राखून ठेवावी.*

आराखडा कोण करतो, यावर ही अट तरते किंवा बुडते. महाराष्ट्रात 1966च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने नगरपालिका स्वतः नियोजन प्राधिकरण असते. आरक्षण चुकले तर नगरसेवकाला गाठता येते. मध्य प्रदेशात 1973च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याने आराखडा करते ते संचालनालय, आणि त्याचे मुख्यालय भोपाळला. हरकती नोंदवायची संधी असते, पण 15 बाय 30 च्या जागेवरचा माणूस नकाशावर आपली वस्ती कोणत्या रंगात आहे हे पाहायला सहसा जात नाही. वस्ती जर हिरव्या पट्ट्यात किंवा रस्त्याच्या आखणीत पडली, तर पुढे पट्ट्याची, म्हणजे जागेच्या हक्काच्या सरकारी कागदाची, आणि अनुदानाची दोन्ही कामे तिथेच अडतात.

राखून ठेवायची जमीन येते कुठून? एक वाट कॉलोनाइजरच्या माथी हिस्सा टाकण्याची. कॉलोनी नियमांनुसार दुर्बल घटकांसाठी काही भूखंड किंवा घरे ठेवावी लागतात, आणि ठरावीक परिस्थितीत त्याऐवजी आश्रय शुल्क भरून मोकळे होता येते. आश्रय शुल्क ऐकायला निरुपद्रवी आहे. त्याचा परिणाम असा की श्रीमंतांच्या कॉलनीत गरिबांसाठी राहू शकली असती ती जागा पैशात बदलते, आणि तो पैसा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बहुधा कामापासून लांब, खर्च होतो. अट शब्दशः पाळली जाते आणि जमीन मात्र राखली जात नाही.

दुसरी वाट जमीन एकत्रीकरणाची. 1973च्या कायद्यातील 2019-20च्या दुरुस्तीनंतर विकास प्राधिकरणाने योजनेत घेतलेल्या जमिनीपैकी 50 टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपात मूळ मालकाला परत मिळते. इंदूर-पीथमपूर आर्थिक कॉरिडॉरमध्ये, म्हणजे साधारण 20 किलोमीटरच्या पट्ट्यात आणि 17 गावांच्या जमिनीवर, हा वाटा 60 टक्क्यांपर्यंत वाढवला गेला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर जुन्या संपादनापेक्षा हा व्यवहार पुष्कळ न्याय्य आहे. भाव चढला की त्यातला हिस्सा त्याच्याकडे राहतो. पण वाटप सगळे मालकांमध्ये आहे. त्या शेतावर मजुरी करणारा, आबादीच्या, म्हणजे गावठाणाच्या, कडेला घर करून राहिलेला, पीथमपूरच्या कारखान्यात कंत्राटावर जाणारा, या तिघांनाही या 60 आणि 40 च्या हिशेबात जागा नाही. उरलेल्या 40 टक्क्यांत रस्ते, मोकळ्या जागा आणि विक्रीचे भूखंड यांच्याआधी किती जमीन छोट्या घरांसाठी, हा आकडा योजनेच्या पहिल्या पानावर असता तर दुसरी अट पाळली असे म्हणता आले असते.

तिसरी वाट सर्वांत जवळची, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. संस्थानी गावांत दरबाराच्या जमिनी विलीनीकरणानंतर सरकारकडे आल्या. शहरातल्या सरकारी जमिनीला इकडे नजूल म्हणतात. धार आणि देवास दोन्हीकडच्या कितीतरी वस्त्या नजुलावर उभ्या आहेत. आराखड्यात नवी जमीन राखण्याआधी जिथे लोक राहतातच ती नजूल जमीन निवासी म्हणून दाखवणे, याला पैसा लागत नाही, फक्त नकाशावर रंग बदलावा लागतो.

तिसरी अट

*आशय: लेआउट आणि बांधकामाच्या मंजुरीसाठी एक खिडकी असावी आणि तिला मुदत असावी.*

या ओळीवर फार बोलण्याची गरज नाही. मध्य प्रदेशात बांधकाम परवानग्यांसाठी ए.बी.पी.ए.एस. ही ऑनलाइन प्रणाली आली. नकाशा संगणकच तपासतो. विकासकासाठी मात्र खिडक्या अजून बऱ्याच उरतात: लेआउटला टी.एन.सी.पी. (नगर तथा ग्राम निवेश संचालनालय), विकास परवानगीला कॉलनी सेल, विक्रीला रेरा. कामे वेगळी असल्यामुळे काही खिडक्या राहणारच, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने रेराची खिडकी राहायलाच हवी. आपल्या कुटुंबाला या रांगेशी कर्तव्य नाही. त्याची खिडकी एकच, तहसिलीतली, आणि ती या अटीच्या कक्षेत येत नाही.

चौथी अट

*आशय: दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी आधीच मंजूर केलेले नमुना नकाशे ठेवावेत, त्यांप्रमाणे बांधल्यास परवानगी मिळाली असे मानावे, किंवा ठरावीक क्षेत्रफळाखालच्या घरांना परवानगीतून वगळावे.*

सहा अटींत ही सर्वांत शहाणी अट आहे. ज्या योजनेत घराचे चटईक्षेत्र 30 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे फुटांच्या घरात आहे, तिथे वास्तुविशारदाची फी आणि पालिकेच्या फेऱ्या हा निव्वळ भुर्दंड असतो. घर पाहावे बांधून, ही म्हण ज्या त्रासातून आली त्यातला निम्मा त्रास नकाशा मंजुरीचाच.

ही अट जमिनीवर कशी उतरते ते पाहायचे तर योजनेचा लाभार्थी-आधारित बांधकाम हा घटक घ्यावा. देशभरात या योजनेखाली मंजूर झालेल्या सुमारे 1 कोटी 18 लाख घरांपैकी सर्वांत मोठा वाटा याच घटकाचा आहे. यात सरकार घर बांधत नाही. कुटुंब स्वतःच्या जागेवर स्वतः बांधते आणि टप्प्याटप्प्याने पैसे घेते. मध्य प्रदेशात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळून अडीच लाख. नगरपालिकेचा माणूस मोबाईल घेऊन येतो. पहिला फोटो कच्च्या घरासमोर, बाई पुढे उभी, कारण घर तिच्या किंवा दोघांच्या नावावर हवे असते. मग पाया, मग लिंटेल, मग छत, मग पूर्ण घर. प्रत्येक फोटोला अक्षांश-रेखांश चिकटलेले. फोटो वर चढला तर पुढचा हप्ता. पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यात पाणी साचले की फोटो लांबतो आणि उधारीवर आणलेल्या सिमेंटचा तगादा मागे लागतो.

म्हणजे नमुना नकाशा इथे खरोखर उपयोगी आहे. 15 फुटांच्या दर्शनी बाजूवर दोन्हीकडे मोकळी जागा सोडायला लावली तर आत खोली उरत नाही; लहान भूखंडांना त्यात सवलत दिली तरच घर होते. पण फाइल उघडून पाहिली तर नकाशा तिच्यात शेवटी येतो. आधार, राज्याचा समग्र आयडी, देशात कुठेही पक्के घर नसल्याचे शपथपत्र, बँकेचे पासबुक, आणि या सगळ्यांच्या आधी जमिनीच्या हक्काचा कागद: रजिस्ट्री किंवा पट्टा. तो नसेल तर बाकीचे कागद जोडून उपयोग नाही. चौथ्या अटीने दुसरे दार उघडले. पहिले बंदच आहे.

पाचवी अट

*आशय: भाडेविषयक कायदे आदर्श भाडेकरार कायद्याच्या धर्तीवर करावेत किंवा बदलावेत.*

मध्य प्रदेशात दीर्घकाळ चालत आला तो 1961चा स्थान नियंत्रण अधिनियम. प्रमाण भाडे, घर खाली करून घेण्याची मोजकी कारणे, असा त्याचा सांगाडा मुंबई-पुण्याच्या वाचकाला परिचित आहे. संस्थानी गावातल्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारे भाडेकरू आणि डागडुजीला हात आखडणारे मालक, ही जोडी या कायद्याच्या छायेत वाढली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. लेखी करार, निवासी जागेला जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, भाडे प्राधिकरण, मुदतीनंतर जागा न सोडल्यास आधी दुप्पट आणि मग चौपट भाडे, असा त्याचा रोख आहे.

पूर्वपक्ष असा: जुन्या कायद्याने मालक घाबरले, घरे कुलुपे लावून ठेवली, भीती गेली की घरे बाजारात येतील आणि भाडे उतरेल. मोठ्या शहरातल्या फ्लॅटबद्दल हे पटण्यासारखे आहे. पीथमपूरबद्दल नाही. तिथला कामगार सागौर, खेडा, अकोलिया अशा ठिकाणी खोल्यांच्या ओळींत राहतो. खोली गावातल्या घरामागे, बहुधा आबादीच्या जमिनीवर, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले चार जण एका खोलीत. करार नाही, पावती नाही, वीज मालकाच्या मीटरवर. जुना कायदा तिथे कधी पोचलाच नाही, त्यामुळे त्याची भीतीही नव्हती. नवा कायदा लेखी करारावर उभा आहे, आणि करार करणे म्हणजे पालिकेच्या घरपट्टीच्या नजरेत येणे, हे मालकाला पक्के कळते.

मूळ योजनेच्या चार घटकांत भाड्याने राहणाऱ्यासाठी एकही नव्हता. भाडे फक्त अटींमध्ये डोकावले. कोविडच्या टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेले कामगार दिसल्यावर जुलै 2020 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या आवास योजना 2.0 मध्ये भाड्याचा घटक रीतसर घातला गेला. पीथमपूरसारख्या गावासाठी हीच खरी दुरुस्ती आहे. भाडे कायदा बदलून घरे वाढत नाहीत. औद्योगिक भूखंडाबरोबर कामगारांच्या खोल्यांसाठी भूखंड आखला तर वाढतात. ज्या राज्याने त्या गावात एकामागून एक कारखान्यांचे सेक्टर पाडले, त्याला हे अशक्य नाही.

सहावी अट

*आशय: झोपडपट्टी पुनर्विकास आणि कमी खर्चाच्या घरांसाठी जादा चटईक्षेत्र, हस्तांतरणीय विकास हक्क आणि घनतेच्या नियमांत सूट द्यावी.*

या ओळीचे मूळ मुंबईत आहे. 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले ते याच गणितावर: विकासकाने झोपडीधारकाला फुकट घर द्यायचे आणि त्याबदल्यात मिळालेले जादा चटईक्षेत्र विकून खर्च काढायचा. मुंबईत ते कसे चालले आणि कसे अडले, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे प्रश्न एवढाच की ते गणित देवासात बसते का.

समजा, जमीन चौरस फुटाला 8,000 रुपये आणि बांधकाम 2,000 रुपये. मग वर एक मजला चढवण्याचा हक्क सोन्याच्या भावाचा, कारण त्याला जमीन लागत नाही. आता उलट समजा: जमीन 800 आणि बांधकाम 1,600. मग वर चढण्यापेक्षा बाजूची जमीन घेणे स्वस्त. जादा चटईक्षेत्र कुणी फुकट दिले तरी विकासक त्यासाठी चार झोपड्यांचेही पुनर्वसन करणार नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण माळव्यातल्या मध्यम गावांचा कल दुसऱ्या बाजूचा असतो हे तिथे जमीन पाहायला गेलेला कुणीही सांगेल. म्हणून सहावी अट धार-देवासात पाळणे सोपे आहे: नियमात एक ओळ घालायची. तिच्याने घडत काही नाही. मोठ्या शहराच्या अडचणीवरचा उतारा लहान गावाला बंधनकारक केला की असे होते.

न लिहिलेली ओळ

सहाही अटी ओलांडून आलो, आणि आपले कुटुंब अजून पहिल्या दारापाशी उभे आहे. कारण सहाही अटी ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याशी बोलतात. त्याला ती लवकर बिगरशेती करता यावी, लवकर मंजुरी मिळावी, जास्त उंच बांधता यावे, निर्धास्त भाड्याने देता यावी. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? ज्याच्याकडे जागेचा कागद नाही त्याला कागद कसा मिळेल, ही ओळ मसुद्यात नाही.

ती मध्य प्रदेशाच्या स्वतःच्या कायद्यात आहे, आणि तीस वर्षे आधीची आहे. अर्जुन सिंह मुख्यमंत्री असताना 1984 मध्ये नागरी क्षेत्रातील भूमिहीन व्यक्तींना पट्टाधृती अधिकार देणारा अधिनियम झाला. 10 एप्रिल 1984 रोजी शहरातल्या सरकारी जमिनीवर राहत असलेल्या भूमिहीनाला 50 चौरस मीटरपर्यंत जागेचा पट्टा. जागा तिथेच ठेवता येण्यासारखी असेल तर 30 वर्षांचा स्थायी पट्टा, नसेल तर वर्षाचा अस्थायी. वारसाला जातो, विकता येत नाही. अतिक्रमण हटवायचे की मान्य करायचे, या वादात एका राज्याने बेधडक दुसरी बाजू घेतली, तेव्हाच्या भारतात ही छोटी गोष्ट नव्हती. पीथमपूर तेव्हा नुकते उभे राहत होते.

या कायद्याचे तीन भाग भाष्य मागतात. पहिला, तारीख. 1984ची तारीख पुढे 31 मे 1998 झाली, मग 31 डिसेंबर 2014. महाराष्ट्रातही झोपड्यांची तारीख 1 जानेवारी 1995 वरून 2000 आणि सशुल्क पुनर्वसनासाठी 2011 अशी सरकत आली. तारीख ठेवल्याशिवाय नव्या अतिक्रमणांना आळा बसत नाही, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद. प्रत्यक्षात आळा बसत नाही, फक्त तारखेनंतर आलेला माणूस पुढच्या निवडणुकीचा ग्राहक बनतो. दुसरा भाग, मुदत. 1984च्या 30 वर्षांच्या पट्ट्याची मुदत 2014 मध्ये भरते. आवास योजना आली 2015 मध्ये. म्हणजे ज्यांच्याकडे राज्यातला सर्वांत जुना कागद, त्यांचाच कागद अनुदानाच्या वेळी नूतनीकरणाच्या रांगेत. तिसरा भाग, ठिकाण. कायदा जिल्हाधिकाऱ्याच्या हातात आहे, वस्तीची यादी पालिकेकडे आहे, आणि आराखडा संचालनालयाकडे. आरक्षित जागेवरच्या वस्तीला स्थायी पट्टा मिळत नाही, आणि आरक्षण उठवणे पट्टा देणाऱ्याच्या हातात नाही.

नंतर राज्याने या कायद्याला जोडही दिली. 2020च्या धारणाधिकार योजनेने शहरी सरकारी जमिनीवर 31 डिसेंबर 2014 पूर्वीपासून राहणाऱ्यांना प्रीमियम भरून 30 वर्षांचा पट्टा मिळण्याची सोय झाली, आणि 2021 मध्ये खेड्यांसाठी मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजना आली. म्हणजे दिल्ली सहा अटींचा हिशेब मागत होती तेव्हा भोपाळमध्ये न मागितलेल्या सातव्या ओळीवर काम चालले होते. ते काम तुकड्यातुकड्यांनी आणि तारखातारखांनी झाले, पण घराचा प्रश्न मुळात जमिनीच्या कागदाचा आहे हे राज्याला कळले होते.

केंद्रालाही ते उशिरा का होईना कळले. 2024च्या योजना 2.0 मध्ये, भूमिहीन लाभार्थ्यांना राज्ये जमिनीचे पट्टे देऊ शकतील, अशी तरतूद आली. त्याच योजनेत राज्यांनी परवडणाऱ्या घरांचे धोरण करणे आणि विकासकांना सवलती देणे बंधनकारक आहे. सवलत द्यावीच लागेल. पट्टा दिला तर दिला. नऊ वर्षांच्या अनुभवानंतरही सक्ती आणि मर्जी यांची वाटणी बदललेली नाही.

धारच्या बाबतीत एक घटनात्मक गाठ अजून सुटायची आहे. नगरपालिकांविषयीचा राज्यघटनेचा भाग 9-अ, अनुच्छेद 243-झेड-सी नुसार अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. तो लागू करणारे 2001चे विधेयक संसदेत मंजूर झालेच नाही. खेड्यांसाठी 1996चा पेसा कायदा आहे, मध्य प्रदेशाचे त्याचे नियम 2022 मध्ये आले. शहर झालेल्या आदिवासी गावासाठी तसे काहीच नाही. आता 2025च्या महानगर क्षेत्र कायद्याने इंदूरभोवती जे महानगर क्षेत्र आखले जात आहे त्यात देवास येते आणि पीथमपूरसह धारचा भागही येतो. महानगर नियोजन समितीची घटनात्मक तरतूद त्याच भाग 9-अ मधली आहे. देवासात हा प्रश्न उद्भवत नाही. धारमध्ये ग्रामसभेचा अधिकार संपून महानगराचा सुरू होतो त्या सीमेवर कुणाची संमती घ्यायची, हे नकाशा रंगवण्याआधी ठरायला हवे. भिलाला शेतकऱ्याची जमीन कलम 165(6) ने वाचली आणि महानगराच्या आखणीत गेली, असे होऊ नये.

सिद्धान्त म्हणून तीन गोष्टी सांगता येतील. पट्टा हीच पहिली बंधनकारक अट करावी आणि बाकीच्या सहा तिच्यामागे याव्यात. गोठलेल्या तारखेऐवजी सरकती अट असावी: इतकी वर्षे सलग वास्तव्य, पुरावा वीजबिल, रेशनकार्ड किंवा शाळेचा दाखला, आणि मुदत भरताच अर्ज करता पट्टा, मग निवडणुकीची वाट पाहावी लागणार नाही. तिसरी, प्रत्येक पालिकेने वॉर्डवार पट्ट्यांची यादी दरवर्षी छापावी: कुणाला दिला, किती मीटर, स्थायी की अस्थायी, कधी संपतो, कुणाचा आरक्षणामुळे अडला. राज्याने सहा अटी पाळल्या की नाही हे दिल्लीतला अधिकारी करारनाम्यावरून तपासू शकतो. घरे झाली की नाही हे तपासायला ही यादी लागते, आणि ती मागण्याचा हक्क देवासच्या किंवा धारच्या कोणत्याही वॉर्डातल्या माणसाला आजही माहिती अधिकारात आहे.